तो व्हिडिओ आमच्याच मंडळातला आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

आत्ताच मानेवाड्याच्या खोलीवर पोचले. बाबा, पिकाच्या पंचनाम्याला गेलेल्या पटवाऱ्याला गावकऱ्यांनी अडवल्याचा तुमच्या ग्रुपवर फिरतोय तो व्हिडिओ आमच्याच महसूल मंडळातला आहे, त्यातली पटवारी मीच, पण मला कोणी हात लावलेला नाही. गाडीची किल्ली काढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीत बसवून ठेवलं, एवढंच. ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यकही सोबत होते. आई, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

पोलिसात दे म्हणता. देता येतं, सरकारी नोकराला कामात बळानं अडवलं तर जुनं ३५३ जाऊन जुलै २०२४ पासून १३२ कलम लागतं. पण मला द्यावंसं वाटत नाही.

लोकांचा राग मला समजतो. मदत मिळायला आधी अतिवृष्टी लागते, म्हणजे मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. यंत्र एका गावात आणि ढग फुटतो नाल्याच्या पलीकडे. त्यातून निभावलं तर नुकसान निदान ३३ टक्के भरलं पाहिजे. ते ठरवायचं कोणी, तर धुऱ्यावर उभं राहून मी. एका आजोबांनी सोयाबीनचं झाड उपटून हातात दिलं. शेंग फोडली तर आत दाण्याला कोंब फुटलेला आणि कुबट वास. "लाव टक्के," म्हणाले. मी ३० लिहिले तर त्यांना एक रुपया नाही. ३५ लिहिले तर केंद्राच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, म्हणजे एकराला साडेतीन हजारांच्या आतच.

आणि तेही कधी? एक बाई म्हणाली, "मागच्या सालचे अजून नाही आले, अन् आता काहून लिहून नेता?" काय सांगणार! २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नागपुरात पूरग्रस्त कुटुंबांना दहा हजार लगेच जाहीर झाले होते, हे गावात पोराटोरांनाही पाठ आहे. मंत्रालय त्यांना दिसत नाही, पटवारी मॅडम दिसते.

राग आला तो दोन पुढाऱ्यांचा. त्यांचं काडीचंही नुकसान नव्हतं. मोबाइल धरून नुसते लोकांना चढवत होते. व्हिडिओ त्यांचाच.

किल्ली काढली तो पोरगा मात्र निराळा. मक्त्यानं शेती करतो. बियाणं, खत, फवारणी, सगळं त्याचं, वर सावकाराचं देणं. सातबारा मालकाच्या नावावर आणि मालक इथे नागपुरात. मदत जाणार मालकाच्या खात्यात. मी धुऱ्यावर उभी राहून ज्याच्या पिकाचा पंचनामा करते, त्याच्या नावाला माझ्या तक्त्यात रकानाच नाही. ओरडेल नाही तर काय करेल? त्याच्यावर गुन्हा दाखल करून मी पुन्हा त्या गावात कोणत्या तोंडानं जाऊ?

सोमवारी जायचंच आहे, नाल्याकडची वावरं राहिलीत. कोतवाल सोबत असेल. फोन लागला नाही तर रेंज नाही असं समजा.

बाबा, आपलंही वावर मक्त्यानंच दिलंय. यंदा अनुदान आलं तर ते तुमच्या खात्यात येईल. काढून त्याला देऊन टाका, मक्त्यातून वळतं करू नका. आई, तू लक्ष ठेव, बाबा विसरल्यासारखं करतील.

तुमची,
छकुली