नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, साहेब?

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता, आणि ती मिळेपर्यंत राज्याच्या हातात असलेली कामं

महोदय,

सादर नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तहसीलच्या पुरवठा शाखेतून गेल्या आठवड्यात शिधापत्रिकेचा एक अर्ज परत आला. अर्जदार दोन बायका. दोघी सज्ञान, एका घरात राहणाऱ्या. भाडेकरार जोडलेला, दोघींच्या आधारवर पत्ता एकच, गॅस एकीच्या नावावर, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि त्याचं संमतीपत्र सोबत. अर्जाच्या पाठीवर लाल पेनाने पाच शब्द: "नाते सिद्ध होत नाही. परत." खाली सही आहे, शिक्का नाही, तारीख नाही. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने स्क्रीन वळवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, यादीत बसंना गेलंय. काय टाकू?" पत्नी, पती, मुलगा, मुलगी, सून, नातू अशी ती यादी. "इतर" टाकलं की पुढचा प्रश्न येतो, इतर म्हणजे कोण, आणि त्याचा कागद कुठाय.

आम्ही अशा जोडप्यांचे कागद करून देणारी माणसं आहोत. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे आम्हाला पाठ आहे, म्हणून हे पत्र.

आता गंमत बघा. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेपुरतं एकाच कुटुंबातलं धरावं आणि त्यांच्याशी भेदभाव होऊ देऊ नये, असं केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने 2024 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं आहे. म्हणजे दिल्लीने होय म्हटलं, आणि तहसीलने लाल पेन काढला. मधल्या वाटेत ते पत्र कुठे मुक्कामाला थांबलं, हे आपल्याला विचारायचं नाही तर कुणाला? आणि समजा यादीत एक शब्द वाढला, तरी पुढचा खोडा आहेच. नव्या कार्डावर नाव चढवायला जुन्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला लागतो, आणि तो काढायला कुटुंबप्रमुखाची सही मागतात. ज्या घरातून मुलीला हाकलून दिलं, त्याच घरात तिने सही मागायला जायचं. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, लग्नाची पत्रिका दाखवली तरी काम होतं.

वचन आम्ही मागितलं नव्हतं, ते केंद्र सरकारने आपणहून दिलं. 3 मे 2023 रोजी सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू. 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्याचा निकाल लागला. पाचही न्यायमूर्ती म्हणाले की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायदा 1954, म्हणजे जात-धर्म न बघता नोंदणी लग्न लावणारा कायदा, त्यात न्यायालय बदल करणार नाही, ते संसदेचं काम. समिती मात्र नेमा, असं सांगितलं. ती नेमायला एप्रिल 2024 उजाडला. 1 सप्टेंबर 2024 ला लोकांकडून सूचना मागवल्या. आम्हीही पाठवल्या, पानं भरून. 9 जानेवारी 2025 ला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. समितीचा अहवाल आम्हाला कुठेही वाचायला मिळाला नाही. न्यायालय म्हणतं संसदेकडे जा, संसद बोलत नाही, समिती दिसत नाही. एप्रिल 2022 मध्ये सुप्रिया सुळेंनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत.

लोक विचारतात, बँकेत खातं उघडता येतं ना आता, मग अडलं काय? ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. बंदी आधीही नव्हती, साहेब! संयुक्त खात्याला लग्नाचा दाखला कधी लागला? खरी मेख नॉमिनी या शब्दात आहे. नॉमिनीच्या हातात बँक पैसे ठेवते, पण मालकी वारसांकडेच राहते. वर्षश्राद्धाआधी भाऊ दावा लावतो आणि नॉमिनीला हिशेब द्यावा लागतो. आयुर्विम्यात तर 2015 च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं यांनाच पक्का हक्क असलेला नॉमिनी केलं, जोडीदार त्यात नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात वीस वर्षं राबलेल्या कामगाराने भविष्य निर्वाह निधीच्या अर्जात जोडीदाराचं नाव घातलं आणि व्याख्येत बसणारं कुटुंब, म्हणजे समजा त्याच्यावर अवलंबून असलेली आई, हयात असेल तर ते नामनिर्देशन बादच. ग्रॅच्युइटीचंही तेच. आणि एकाने दुसऱ्याला वर्षात साठ हजार रुपये दिले, तर पन्नास हजारांची मर्यादा ओलांडली म्हणून साठच्या साठ हजारांवर आयकर, कारण कायद्याच्या लेखी ते दोघं परके. नवरा-बायकोत हाच व्यवहार करमुक्त असतो. या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, बघू.

पण मराठवाड्यात माणसाचं जगणं बँकेत नसतं, सातबाऱ्यावर असतं. म्हणून जमिनीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

दोन पुरुष, पंधरा वर्षं एकत्र. जमीन एकाच्या नावावर, कोरडवाहू पाच एकर, तूर आणि सोयाबीन. विहीर दोघांनी मिळून खणलेली. मालक मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे आधी मुलं, विधवा, आई. त्यातलं कुणी नसेल तर बाप, मग भाऊ-बहीण. जोडीदाराचं नाव या यादीत शेवटीही येत नाही. वारसाचा फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतो, आणि विहीर खणणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या बांधावर अतिक्रमण करणारा ठरतो.

म्हणून आम्ही आल्या जोडप्याला पहिलं सांगतो, मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार, दोघांनीही सही होताना पाहिलेली हवी. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच, कारण बिननोंदणीचा कागद तलाठ्यापुढे ठेवला की "कोर्टातून आणा" हेच ऐकायला मिळतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, सही करताना शुद्धीत होता म्हणून. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा, नुसतं "माझी जमीन" नको. वडिलोपार्जित असेल तर स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहा, नाहीतर सगळ्या कागदावर शंका येते. एवढं केल्यावरही भावाने फेरफाराला हरकत घेतली की नोंद तक्रारीत जाते, आणि पुढची काही वर्षं तालुका, उपविभाग, दिवाणी न्यायालय अशी वारी.

मग जिवंतपणीच बक्षीसपत्र करावं म्हटलं तर? महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर नवरा-बायकोला, मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. जोडीदाराला द्यायचं तर खरेदीखताच्या दराने! शिवाय जोडीदाराकडे शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. दोनशे रुपयांचं काम लाखाच्या घरात जातं. सरकारला संस्कृतीची काळजी आहे म्हणतात, शुल्काच्या पावतीवर ती बरोबर उमटते.

रात्री लाइट येते म्हणून मोटर सुरू करायला गेलेला माणूस विजेच्या धक्क्याने किंवा साप चावून मरतो. आपल्याकडे हे नवं नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अशा मृत्यूला 2 लाख रुपये सानुग्रह अनुदान आहे. वारसांच्या क्रमात पहिलं नाव पत्नी किंवा पती. त्या रात्री विहिरीवर बॅटरी धरून सोबत उभा असलेला जोडीदार पंचनाम्यात येतो, साक्षीदार म्हणून. अनुदानात येत नाही.

दवाखान्याचं थोडक्यात. शस्त्रक्रियेआधी बाहेर "घरचं कोण आहे?" असा पुकारा होतो आणि सोबत आलेला माणूस गप्प उभा राहतो. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर त्याची स्वतःची संमती पुरते. बऱ्याच ठिकाणी हे माहीतच नसतं. मानसिक आरोग्यापुरता 2017 च्या कायद्याने कुणाही सज्ञान माणसाला नामनिर्दिष्ट प्रतिनिधी करता येतं, साध्या कागदावर सही किंवा अंगठा. हा कागद प्रत्येक जोडप्याने करून ठेवावा. मूत्रपिंड द्यायचं असेल तर मात्र जोडीदार "जवळचा नातेवाईक" नाही, प्राधिकार समितीपुढे उभं राहावं लागतं. आणि मृतदेह? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 21 ऑगस्ट 2024 ला राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह घेता यावा. उपलब्ध नसतील तर! जिवंतपणी दहा वर्षं फोन न उचलणारे नातेवाईक त्या दिवशी दोन गाड्या भरून उपलब्ध असतात.

आणि दोन मुली पळाल्या तर घरचे मिसिंग देतात, मग चोरीचा आळ घालतात. पोलीस दोघींना शोधून आणतात आणि एकेकीला बापाच्या हवाली करतात. सज्ञान माणसाला खासगीत विचारा, घरच्यांपासून धोका असेल तर संरक्षण द्या, समुपदेशनाच्या नावाखाली मन वळवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 2024 ला देवू नायर खटल्यात सांगितलं आहे. ते सांगणं न्यायालयांना आहे. ठाण्यातल्या हवालदारापर्यंत ते आपल्या गृह खात्याच्या परिपत्रकानेच जाईल.

एप्रिल 2023 मध्ये केंद्राने न्यायालयात लिहून दिलं की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं मत आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत उच्चभ्रू कोण ते आम्ही अजून शोधतोय. याच केंद्राने 2012 मध्ये त्याच न्यायालयाला सांगितलं होतं की देशात समलिंगी पुरुष 25 लाख आहेत. देशाची लोकसंख्या 121 कोटी, मराठवाड्याची 1 कोटी 87 लाख, 2011 च्या जनगणनेची. त्रैराशिक मांडा, साडेअडतीस हजार येतात. बायका त्यात मोजलेल्याच नाहीत. हे साडेअडतीस हजार काय सगळे संभाजीनगरच्या निराला बाजारात कॉफी पितात?

संस्कृतीचं म्हणाल तर बीडच्या ऊसतोडीत या. तिथे कोयता म्हणजे जोडपं. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. कोयता पुरा करायला सोळा वर्षांच्या पोरींची लग्नं लागतात, आणि ती थांबवायला शासनाला सवड नाही. दोन सज्ञान माणसं स्वतःच्या मर्जीने एकत्र राहतात म्हटलं की मात्र सगळ्यांना शास्त्र आठवतं. 13 डिसेंबर 2022 ला आंतरधर्मीय लग्नं केलेल्यांची माहिती घ्यायला राज्याने समन्वय समिती काढली. दुसऱ्याच्या लग्नात डोकवायचं असलं की शासन निर्णय चटकन निघतो. मदत करायची असली की "विषय केंद्राचा आहे."

तो पूर्ण केंद्राचा नाही, हे विधी खात्याला आम्ही सांगावं लागतं याची लाज वाटते. विवाह आणि उत्तराधिकार समवर्ती सूचीत आहेत, नोंद क्रमांक 5. राज्य कायदा करू शकतं, केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेऊन. उत्तराखंडने 2024 मध्ये लग्न, वारसा आणि लिव्ह-इनसुद्धा स्वतःच्या कायद्यात घेतलंच की. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंब उभं करायला विवाह हा एकमेव मार्ग नाही. आणि ज्यांना कायदा बदलण्याची गरजच नाही, त्यांचं काय? तृतीयपंथी व्यक्तीने पुरुष किंवा स्त्री म्हणून भिन्नलिंगी लग्न केलं तर ते आजच्या कायद्यात बसतं, हे सुप्रियो निकालातच आहे. तरी नोंदणीच्या टेबलावर "वरून मार्गदर्शन मागवतो" हेच उत्तर. ते मार्गदर्शन मराठवाड्यातून मुंबईला जातं तसं परत येत नाही. सिंचनाचं तसंच, रेल्वेचं तसंच. सप्टेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळ संभाजीनगरला येऊन हजारो कोटींच्या घोषणा करून गेलं. आमची मागणी बिनपैशांची आहे, म्हणून ती घोषणेत बसत नसावी.

पुरवठा खात्याची यादी, मुद्रांक शुल्काची सवलत, अपघात योजनेतला वारसांचा क्रम, सरकारी दवाखान्यांना संमतीचं आणि मृतदेहाचं परिपत्रक. या चारही गोष्टी मंत्रालयात होतात, दिल्लीला जावं लागत नाही. शुल्काची सवलत राजपत्रातल्या एका अधिसूचनेने देता येते. लग्नाचा कायदा करायचा तेव्हा करा, तोही मागतोच आहोत.

परत आलेल्या अर्जाचं सांगून थांबतो. लोकसेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, म्हणून लाल पेनाच्या त्या पाच शब्दांवर पहिलं अपील केलं आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज दोन प्रतींत दिला आहे. त्या नमुन्यातही नात्याचा रकाना निघाला. दोघींनी तो मोकळा ठेवला नाही. "एकाच घरात राहतो" असं लिहिलंय, आणि खाली दोघींच्या सह्या आहेत.

आपले,
कागद करून देणारे काही जण,
मराठवाडा