स्टुडिओवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

स्टुडिओत येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा सांगून विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमचा जन्म गेला लग्नं आणि सराफांचे दागिने टिपण्यात. ‘सातवाहन वगैरे मला काही कळत नाही बाबा,’ असं तुम्ही पहिल्यांदाच सांगून टाकलंत. तरी आजोबांनी भांड्यांच्या मोडीतून वेचून ठेवलेली नाणी आज वाचता येतात, ती तुमच्यामुळेच. जाणकारांनी मला नाण्यांबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, पण त्यांचे फोटो काढताना दिवा कुठे ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी नवा कॅमेरा कोणता घेऊ विचारत होतो आणि तुम्ही माझाच मोबाईल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवलात. ट्यूबलाइट बंद, टेबललॅम्प एकच, त्यावर बटरपेपर. नाणं बाटलीच्या झाकणावर, म्हणजे सावली खाली पडून चौकटीबाहेर जाते. टायमर लावायचा, बोट लावायचं नाही. आमच्या पूर्व भागात शेजारचे माग सुरू असले की फरशीसुद्धा थरथरते. त्यावर तुम्ही पुस्तकांखाली चादरीची घडी सरकवलीत. सोलापूरकराला दुसरं काय सुचणार! तरी बारीक काम माग थांबल्यावरच करायचं, हेही बजावलंत.

मग तो दिवा तुम्ही नाण्याभोवती फिरवलात. पोटीनचं, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या धातूचं सातवाहन नाणं, काळपट, झिजलेलं. उजेड खालच्या बाजूने आला तेव्हा सोंड वर केलेला हत्ती चक्क खड्ड्यात गेल्यासारखा दिसला. तोच दिवा घड्याळातल्या अकराच्या जागी, अगदी तिरपा आणि खाली नेलात, आणि हत्ती उठून उभा राहिला. उजेड वरूनच येणार असं आपली नजर धरून चालते, म्हणून ही फसगत होते, हे तुम्ही दागिन्यांच्या अनुभवावरून सांगितलंत.

याचा मला झालेला फायदा तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. या नाण्यांची चकती ठशापेक्षा लहान असायची, त्यामुळे हत्तीभोवतीचा ब्राह्मी लेख एका नाण्यावर पूर्ण कधी उमटतच नाही. एकावर ‘सात’, दुसऱ्यावर ‘कणिस’; जोडलं की ‘सातकणिस’, म्हणजे ‘सातकर्णीचं’. सगळी नाणी एकाच उजेडात, एकाच अंतरावरून टिपली तरच तुकडे शेजारी ठेवून लेख जुळवता येतो. कुंभ सातकर्णीसारख्या सातवाहन राजांची नावं पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. ती कळली वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सापडलेल्या साठ्यातून, असल्याच पोटीनच्या नाण्यांवरून. एका अक्षराला किती किंमत असते, ते यावरून समजावं.

चांदीच्या क्षत्रप (सातवाहनांच्या काळातले पश्चिम भारतातले शक राजे) नाण्याला मात्र हा तिरपा उजेड मानवेना, नुसतं चकाकत होतं. तेव्हा तुम्ही फ्रेमची काच काढून नाण्यावर पंचेचाळीस अंशांत धरलीत. दिवा बाजूला, पलीकडे काळा कागद. काचेवरून उजेड सरळ खाली उतरतो आणि मोबाईल त्याच काचेतून आरपार बघतो. दोनेक ग्रॅमचं ते नाणं, त्यावर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष कोरलेलं. तेव्हा शून्य लिहायची पद्धत नव्हती; शंभराची खूण वेगळी, दहाची वेगळी, एककाची वेगळी. तुमच्या काचेमुळे शंभराची खूण स्वच्छ वाचता आली. पुढचं झिजलंय, त्याला कोण काय करणार.

आणखी एका गोष्टीचे आभार. दागिना पॉलिश करून टिपायची तुमची सवय, पण नाण्याला तुम्ही ब्रश लावू दिला नाहीत. ‘हा काळा थर गेला तर परत आणणार कुठून?’ एवढंच विचारलंत. चिंच-लिंबाने नाणी घासणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी संग्राहकांपेक्षा तुम्हाला जास्त समजतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

पैसे घेणार नाही म्हणालात, ठीक आहे. पण शिशाची नाणी अजून राहिलीत. ती ना चकाकतात, ना नीट काळी दिसतात, आणि काहींवर पांढरी भुकटी धरलीय. ती विषारी असते म्हणून मी हातमोजे आणून ठेवलेत, तुमच्यासाठीही एक जोड आहे. माग बंद झाल्यावर कधीही या.

आपला,
पूर्व भागातला नाणेवेडा