शिबिरात एक सतरंजीही अंथरा

संपादक महोदय,

1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाची तयारी आमच्या भागात सुरू झाली आहे. रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर, सगळं दरवर्षीचंच. त्यात एक भर घालावी म्हणून हे पत्र.

मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. एका हातात चिमटा, दुसऱ्यात तिकिटं, पाठ सीटच्या दांडीला; खंबाटकी घाटातही कशाला धरायचो नाही. तोल ही आपली मक्तेदारी, असा माझा समज. तो गेल्या आषाढात न्हाणीघरात उतरला. साबणाच्या पाण्यावरून घसरलो आणि धरायला गेलो तो टॉवेलचा रॉड स्क्रूसकट हातात आला. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना! दाराला आतून कडी, मोबाइल बाहेर चार्जिंगला, मंडळी मंडईत. पाऊण तास ओल्या फरशीवर बसून होतो. शेवटी गुडघ्यांखाली पंचा घालून रांगत दारापर्यंत गेलो आणि चौकट धरून कसाबसा उभा राहिलो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर शिकवलं. पडल्यावर घाई करायची नाही. खुबा किंवा मान दुखत असेल तर हलायचं नाही, हाका मारायच्या, 108ला फोन लावायला सांगायचं. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हातागुडघ्यांवर. भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जाऊन एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. ब्राझीलच्या डॉक्टरांची एक परीक्षाही त्यांनी घेतली. जमिनीवर बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी 1 वजा. मला 6 मिळाले. बायकोला 8. ती अजून खाली बसून भाकरी थापते, मी निवृत्तीपासून डायनिंग टेबलावर.

आयोजकांना विनंती एवढीच, की शिबिरात एक सतरंजी अंथरा, दोन मजबूत खुर्च्या ठेवा आणि जाणकाराच्या देखरेखीखाली आम्हाला चार-चार जणांना खाली बसवून उठायला शिकवा. सत्काराचे दोन नारळ कमी केले तरी तेवढा वेळ निघेल.

घरची न्हाणीघराची कडी मी काढून टाकली आहे. आत कोणी असलं की दाराबाहेर पंचा टांगायचा, असं ठरलंय. पाहुण्यांना मात्र ते अजून पटत नाही.

– एक निवृत्त एसटी वाहक, सातारा