मथळा माणसाचा, जखम उंदराची

महोदय,

वनस्पतीच्या लेपाने उंदरांच्या जखमा झपाट्याने भरल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आक्षेप संशोधनाला नाही, 'आता मधुमेहींचे पाय वाचणार' या मथळ्याला आहे. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आकसून, बटव्याची नाडी ओढावी तशी मिटते. माणसाच्या बहुतेक त्वचेखाली हा थर नाही. आपली जखम तळातून मांसांकुर येऊन आणि वर नवी त्वचा चढून भरते. म्हणून तर संशोधक उंदराची जखम आकसू नये यासाठी तिच्याभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवतात किंवा डुकराकडे वळतात. त्याची त्वचा आपल्याशी अधिक जुळते. बातमीत यातले काहीच नाही.

आमच्या निपाणी भागात ऊसतोडीत पायाला कोयता लागला की आधी हळद दाबतात, दवाखाना नंतर. त्यात साखर असलेला माणूस असा मथळा वाचून पाला वाटून लावत बसला, तर बोट काळे पडल्यावरच बेळगाव गाठतो. माणसांवर चाचणी झाली की नाही, एवढे तरी पहिल्या परिच्छेदात छापावे.

– एक वाचक, निपाणी