शिबिर उसाच्या फडावर न्या

महोदय,

महिला दिन आला की ८ मार्चच्या आसपास गावोगाव स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी शिबिरे लागतात. पण बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बाया तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत असतात. मग तपासायचे कोणाला, बॅनरवरच्या पुढाऱ्यांना?

तपासणीला मोठे यंत्र लागतेच असे नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायांमधले या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तीच तपासणी कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ), संध्याकाळी का होऊ नये? तपासणारी बाईच हवी आणि आडोसा हवा. गाठ दुखत नाही म्हणून बाया अंगावर काढतात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही, हेही तिथेच सांगावे.

गाठ हाताला लागली तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. एसटीचे अर्धे तिकीट परवडते. आडवा येतो तो खाडा, म्हणजे कामावर न गेल्याचा दंड, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. त्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी, सोबत जाणाऱ्या आशाताईला भत्ता मिळावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, केज