चौदा मिनिटांच्या खेळात दणकट पोरीला जागा कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांत रग्बी पसरत असल्याची आपल्या अंकातली बातमी वाचली. खरी आहे. पाच-सात वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या साखर पेठेत तो लांबट चेंडू कुणी बघितला असता, तर भोपळाच म्हणाला असता. आता चहाच्या गाड्यावर पोरं जून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या रग्बी प्रीमियर लीगचे व्हिडिओ एकमेकांना दाखवतात. पण बातमीत एक गोष्ट राहून गेली आहे.

मी टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर होतो. तरुणपणी कबड्डी खेळलो, डावा कोपरा. माझी नात नववीत आहे, अंगानं दणकट. वजन ६३ किलो. आकडा तिनंच लिहायला सांगितला, "लपवायचं काय त्यात, आज्जा?" म्हणाली. गेल्या वर्षी शाळेच्या संघाची निवड झाली. सरांनी सगळ्यांना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं आणि पहिल्या आलेल्या घेतल्या. हिला म्हणाले, तू राखीव बस. वर्षभर ती बसली. सर चांगले आहेत, त्यांचा दोष काढत नाही. त्यांना सातच पोरी न्यायच्या होत्या.

कारण आपल्याकडं शाळेत रग्बी म्हणजे सेव्हन्स. एका बाजूला सात जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीचं, पूर्ण. एवढ्या जागेत सात माणसं म्हणजे पळणं आलंच. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे. शिवाय सात मुलं गोळा करणं सोपं, एका मैदानावर दिवसभरात कितीतरी सामने उरकतात. सेव्हन्सला माझा विरोध नाही, बघायला मजाच येते. पण खेळ वाढला वाढला म्हणताना कुठली मुलं त्यात आली आणि कुठली बाकावर राहिली, हेही कुणीतरी बघावं.

पंधरा जणांचं रग्बी, ज्याला रग्बी युनियन म्हणतात, ते ८० मिनिटांचं. त्यात पुढं आठ आणि मागं सात, प्रत्येकाचा नंबर ठरलेला आणि नंबरावर काम ठरलेलं. १ आणि ३ नंबरचे प्रॉप म्हणजे स्क्रममध्ये, दोन्हीकडचे पुढचे आठ-आठ जण खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तिथं, रेटा देणारे. ४ आणि ५ नंबरचे लॉक ताडमाड हवेत, बाहेरून फेकलेला चेंडू ते उडी मारून घेतात. ९ नंबरचा स्क्रम-हाफ म्हणजे आमच्या मागावरचा धोटा, पुढच्यांकडून चेंडू काढायचा आणि मागच्यांना द्यायचा, दिवसभर हेच. तो बारका असला तरी चालतो. १५ नंबरचा एकटा सगळ्यांत मागं, उंच मारलेला चेंडू झेलायला. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडला ३२-१२ असं हरवलं. त्यात 'बीस्ट' म्हणून ओळखला जाणारा प्रॉप तेंदाई म्तावारिरा इंग्लंडची पुढची फळी मागं रेटत होता, आणि शेवटचा ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवून गुण घ्यायचा, तो केला चेस्लिन कोल्बीनं, उंची पाच फूट साडेसात इंच. नातीनं मोबाइलवर मला हे दोघं दाखवले, तेव्हा मला हा खेळ कळायला लागला.

गेल्या दिवाळीच्या सुटीत बाहेरगावच्या एका प्रशिक्षक बाईंनी इथं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. चार शाळांच्या मुली एकत्र केल्या तेव्हा कुठं पंधरा-पंधरा झाल्या. बाईंनी आधी कुणालाच जागा दिली नाही. दर दहा मिनिटांनी नंबर बदलायचे. काटकुळी पोरगी प्रॉपला, जाडी पोरगी विंगला, म्हणजे कडेनं पळायच्या जागेवर, सगळ्या हसून बेजार. स्क्रम मात्र नुसती बांधायची, रेटायची नाही, कारण मान आणि पाठ तयार नसताना पुढच्या फळीत रेटणं धोक्याचं. मोठ्यांच्या नियमातसुद्धा पुढच्या फळीला तयार खेळाडू नसतील तर बिनरेट्याची स्क्रम घेतात. म्हणून "जाड आहे, घाला प्रॉपला" हेही तितकंच चूक. आमच्या नातीला प्रॉपला ठेवलं तर तिथंही ती चाचपडलीच.

आता कबड्डीचं सांगतो. तिला मांडी पकड मी शिकवली, आणि तीच पहिल्या दिवशी अंगाशी आली. समोरची खाली पडली तरी ही सोडेना. आमच्यात सोडलं तर मेलो, हिथं पाडल्यावर सोडायचं असतं, नाहीतर पेनल्टी. तीन शिट्ट्या, तीन पेनल्ट्या. बाई ओरडतायत "सोड गं तिला!" आणि मी कडेला मान खाली घालून उभा. संध्याकाळी घरी अंगणात गादी टाकून शिकवलेलं विसरायला शिकवलं. डोकं बाजूला ठेवायचं, पकड खांद्याच्या खाली, आणि पडली की सोड.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नंबर २ आला, हुकर. चेंडू मैदानाबाहेर गेला की तो दोन्ही हातांनी डोक्यावरून दोन रांगांच्या मधोमध सरळ टाकायचा, हे बहुतेक हुकरचं काम. बाकीच्या पोरींचा चेंडू कधी उजवीकडं, कधी डावीकडं. हिचा सुतासारखा सरळ, लॉकच्या हातात. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? कुठं म्हणजे काय! सुटीत माझ्या भावाच्या कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे खालून माळ्यावर फेकायचं काम ही लहानपणापासून खेळ म्हणून करते. वर झेलणाऱ्याच्या हातात गठ्ठा गेला नाही, तर शिव्या खायच्या. धावण्याच्या शर्यतीत हे कुणाला कसं दिसणार होतं?

शिबिर संपलं आणि ती पुन्हा राखीव झाली, कारण स्पर्धा सेव्हन्सच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहरातल्या चार-पाच शाळांनी मिळून वर्षातून दोन-तीनदा तरी पंधरांचा सामना घ्यावा. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या मुलींनाही बोलवावं. पदक नको, चषक नको. निवडीच्या आधी प्रत्येकीला चार-पाच जागांवर उभं करून बघावं. पंधरांचं रग्बी आपल्या मुलींना झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, भारताच्या महिला संघानं २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, तो पंधरांचाच सामना होता. आणि हा गोऱ्यांचा खेळ आहे म्हणणाऱ्या आमच्या गाड्यावरच्या मित्रांसाठी, इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात, तो कलकत्त्याच्या क्लबनं आपले चांदीचे रुपये वितळवून केलेला आहे.

जागेचा प्रश्न आहे, मान्य. जानेवारीत गड्डा यात्रेमुळं होम मैदानाची आशा सोडायची. शाळांच्या पटांगणांत मुरूम, पोरींचे गुडघे सोलून निघतात. एप्रिल-मे मध्ये तर सोलापुरात दुपारी कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. म्हणजे राहिले पावसाळ्यानंतरचे तीन महिने, गवत असतं तेव्हाचे. तेवढे पुरतील.

गोलचे खांब माझ्याकडं लागले. भावाच्या कारखान्यात जुने पाइप पडून आहेत, वेल्डर गल्लीतलाच आहे. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवी दांडी ३ मीटरवर, माप वहीत लिहून ठेवलं आहे. मैदान कोण देतं, तेवढं आपल्या वाचकांपैकी कुणी कळवावं.

आपला,
एक निवृत्त जॉबर
साखर पेठ, सोलापूर