तिसरे रूप दिसले म्हणजे पॅसिव्ह नव्हे

महोदय,

दहावी-बारावीच्या इंग्रजीत ‘चेंज द व्हॉइस’ (कर्त्याकडून क्रिया सांगणारे ‘ॲक्टिव्ह’ वाक्य, ज्यावर क्रिया घडते त्याच्याकडून सांगणाऱ्या ‘पॅसिव्ह’मध्ये बदलणे किंवा उलट) हा हुकमी गुणांचा प्रश्न मानला जातो आणि त्यासाठी एकच सूत्र घोटून घेतले जाते: ‘इज, ॲम, आर, वॉज, वेअर’पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की वाक्य पॅसिव्ह. हे सूत्र अर्धेच खरे आहे आणि त्यामुळे मुलांचे नुकसान होते.

‘द शॉप इज क्लोज्ड ऑन मंडेज’ हे वाक्य घ्या. सूत्रावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी त्याचे ॲक्टिव्ह करतो: ‘समबडी क्लोजेस द शॉप ऑन मंडेज’. रचना बिनचूक, पण अर्थ पार बदलला. दुकान सोमवारी बंद असते, एवढेच मूळ वाक्य सांगते; नव्या वाक्यात दर सोमवारी कोणीतरी येऊन ते बंद करतो. मूळ वाक्यातला ‘इज’ लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारे क्रियापद आहे आणि ‘क्लोज्ड’ विशेषण. ‘द शॉप इज क्लोज्ड ॲट नाइन एव्हरी नाइट बाय द ओनर’ यात मात्र रोज नऊला मालक शटर ओढतो. हे खरे पॅसिव्ह.

तेव्हा आधी विचारावे: वाक्यात क्रिया घडते आहे की स्थिती सांगितली आहे? शंका राहिली तर ‘इज’च्या जागी ‘रिमेन्स’ किंवा ‘सीम्स’ घालून पाहावे. ‘द शॉप रिमेन्स क्लोज्ड ऑन मंडेज’ चालते, म्हणजे ती स्थिती. ‘माय पर्स वॉज स्टोलन येस्टर्डे’चे ‘माय पर्स सीम्ड स्टोलन येस्टर्डे’ केले तर बसत नाही, म्हणजे ती क्रिया. ‘व्हेरी’ही उपयोगी पडते: ‘शी वॉज व्हेरी टायर्ड’ म्हणजे विशेषणच. पण ‘व्हेरी’ बसले नाही म्हणून वाक्य पॅसिव्ह ठरत नाही. ‘व्हेरी क्लोज्ड’ही कोणी म्हणत नाही. उलट ‘वॉज बीइंग क्लोज्ड’ म्हटले की क्रियाच दिसते.

‘बाय’वर विसंबणे सर्वांत धोक्याचे. ‘माय पर्स वॉज स्टोलन’मध्ये ‘बाय’ नाही, तरी ते पॅसिव्ह आहे. ‘आय वॉज व्हेरी सरप्राइज्ड बाय द न्यूज’मध्ये ‘बाय’ आहे, तरी ‘सरप्राइज्ड’ विशेषण आहे.

‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग’ हे समीकरणही थांबवायला हवे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला कर्मणी प्रयोग (क्रियापद कर्माप्रमाणे बदलते), पण इंग्रजीत ते ‘राम एट द मँगो’, म्हणजे चक्क ॲक्टिव्ह! पॅसिव्हला जवळचा आहे तो नवीन कर्मणी: ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती आहे. ‘द डोअर वॉज क्लोज्ड’ एवढेच वाक्य दिले तर दार बंद होते की बंद केले गेले, हे जाणकारालाही ठरवता येणार नाही. असे वाक्य द्यायचेच असेल, तर सोबत दार बंद करणाऱ्याचा उल्लेख हवा.

— एक इंग्रजी विषय शिक्षक, सांगली